मेलेलं लॉन कसं उठवावं: नवनिर्वाचित कमिटी सदस्यांसाठी

ज्या सभेला तुम्ही गैरहजर होता त्याच सभेत ‘गार्डन’साठी तुमची एकमतानं निवड झाली असेल, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. पाणी, पार्किंग आणि लिफ्ट ही खाती अनुभवी मंडळींनी आधीच शहाणपणानं टाळलेली असतात. उरतं ते गार्डन. पदग्रहणाचा विधी छोटा असतो. मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी सेक्रेटरी तुम्हाला क्लब हाऊसच्या मागं नेतात, तपकिरी रंगाच्या एका चौकोनाकडे हात करतात आणि म्हणतात, ‘‘हे आपलं लॉन.’’ नवशिक्यांनी या वेळी हसू नये. ‘‘बघतो काय करता येईल ते’’ एवढंच म्हणावं. इतिवृत्तात याची नोंद ‘जबाबदारी स्वीकारली’ अशी होते.

पुढची कृती पुण्यातल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीला लागू पडेल. नाशिक-संभाजीनगरकरांनी ऊन थोडं वाढवून वाचावं, कोकणातल्यांनी पाऊस.

साहित्य फारसं लागत नाही. खुरपं, लोखंडी पहार, दह्याचे चार रिकामे डबे आणि एक प्लास्टिकची खुर्ची. खत, औषध, बियांची रंगीत पाकिटं यांतलं काहीही अजून आणू नका. गवताचं कार्पेट विकणाऱ्याचा नंबर कुणी पाठवला, तर आभार मानून विसरून जा.

पायरी पहिली: मृत्यूचा दाखला

वाळलेलं गवत आणि मेलेलं गवत लांबून सारखंच दिसतं, आणि कमिटी लॉनकडे नेहमी लांबूनच बघते. त्यामुळे आधी खाली बसा. वाळक्या गवताचा झुपका चिमटीत धरून ओढा. मुळांसकट अलगद हातात आला, तर प्रकरण गंभीर आहे. जमिनीला धरून राहिला, तर आशा आहे. मग खुरप्यानं वीतभर जागा उकरून मातीतली आडवी खोडं बघा. पेरांपाशी ती पांढरी, टणक आणि किंचित ओलसर असतील तर गवत जिवंत आहे, नुसतं रुसून बसलंय. तपकिरी, पोकळ आणि कडकन मोडणारी असतील तर गेलं.

तरीही शंका राहिलीच, तर दोन मीटर लांब-रुंद तुकडा दोरीनं आखून घ्या आणि तेवढ्याच भागाला आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्या. तीन आठवड्यांत पेरांतून हिरवे कोंब निघाले नाहीत, तर दाखल्यावर सही करायला हरकत नाही. दोरी दिसेल अशी बांधू नका. मुलं त्याला पिच समजतात.

दाखला लिहिताना मृताची पार्श्वभूमी माहीत असावी. तुमचं लॉन नर्सरीतून कुठल्याही नावानं आलेलं असो, आता तिथे जे काही तग धरून आहे ते बहुधा हरळी आहे. गणपतीला आपण दूर्वा म्हणून वाहतो ती हीच. ऊस, ज्वारी, मका यांच्यासारखी ती कडक उन्हात जोमानं वाढते आणि जमिनीवरून धावत्या खोडांनी, जमिनीखालून गाठीगाठीच्या खोडांनी पसरते. हिला मारण्यासाठी अर्धा महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या झटतो आहे. शेतकरी भर उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिच्या काशा उन्हात तापवतो, मागून बाया लावून वेचून घेतो, वर तणनाशक मारतो, आणि एखादं पेर मागं राहिलं की पुढच्या पावसाळ्यात ती बांधावरून पुन्हा शेतात हजर. या झाडाला पगारी माळी, तुषार सिंचन आणि वार्षिक तरतूद यांच्या जोरावर तुमच्या सोसायटीनं चार-पाच वर्षांत संपवलं आहे. ही कामगिरी कृषी विद्यापीठांना कळवायला हवी.

आता पार्किंगमध्ये एक फेरी मारा. पेव्हर ब्लॉकच्या फटींत, गटाराच्या झाकणाभोवती, एसीचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात हिरवीगार हरळी दिसेल. तिला कुणी पाणी देत नाही, तिच्यावरून रोज गाड्या जातात, आणि महिन्यातून एकदा तिला उपटायचं काम माळ्याला दिलेलं असतं. माळ्याला सांगून ते काम आजपासून थांबवा. ही तुमची बीजपेढी आहे.

पायरी दुसरी: मारेकरी शोधणं

खुर्ची इथे लागते. एखाद्या रविवारी सकाळी आठला लॉनच्या कडेला बसा आणि संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला ऊन कुठून कुठे सरकलं याची खूण करा. हरळीला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागतं. कमी मिळालं की ती आधी लांबट, मग विरळ होते आणि शेवटी माती उघडी पडते. मात्र मे महिन्यात बसून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि सगळ्या लॉनवर ऊनच ऊन दिसतं. तोच सूर्य डिसेंबरात दक्षिणेला इतका कलतो, की ३३ मीटर उंच, म्हणजे साधारण अकरा मजली इमारतीची भरदुपारची सावली उत्तरेकडे जवळपास ३० मीटर पडते. तुमचं लॉन इमारतीच्या उत्तरेला असेल, तर हिवाळाभर ते सावलीतच असतं. थंडीनं आधीच वाढ मंदावलेली, त्यात ऊन नाही. मार्चमध्ये सगळे म्हणतात, उन्हानं गेलं. ते सावलीनं गेलेलं असतं. जिथे सप्तपर्णी आणि इमारत मिळून सूर्य अडवतात, त्या पट्ट्यात गवताचा नाद सोडा आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक टाका. बाकाला सावली मानवते.

नंतर पहार. लॉनवर चार-पाच ठिकाणी ती जोर लावून मारा. वीतभर आत गेली तर तुम्ही नशीबवान. बहुतेक ठिकाणी चार बोटांवर ‘ठण्ण’ असा आवाज येतो. ताबा देण्याच्या आदल्या आठवड्यात बिल्डरनं राडारोडा सपाट करून त्यावर मुरूम, मुरमावर दोन-तीन इंच तांबडी माती आणि मातीवर कार्पेट अंथरलेलं असतं. ताबा, फोटो, पेढे. मुळं खाली जायला बघतात आणि त्यांना टाइलचा तुकडा भेटतो. उकरताना फुटक्या कमोडचा तुकडा सापडला तर जपून ठेवा. बिल्डरशी चाललेल्या पत्रव्यवहारात पुरावा म्हणून उपयोगी पडेल. लॉन पार्किंगच्या स्लॅबवर असेल, तर पहार हलक्या हातानं. खाली वॉटरप्रूफिंग असतं, किंवा असायला हवं.

तिसरा संशयित सार्वजनिक आहे. नवरात्रात दांडिया, डिसेंबरात स्नेहसंमेलन, मध्ये कुणाची हळद. मंडपवाला दुपारीच गालिचा अंथरून जातो आणि ‘उद्या नेतो’ म्हणून तिसऱ्या दिवशी नेतो. गालिच्याखाली उजेड नाही, वारा नाही, उष्णता मात्र पुरेपूर. वरून तीनशे माणसं नाचून माती अशी दाबतात, की पुढे पाणी आत न मुरता कडेच्या गटारात जातं. या संशयितावर कारवाई करता येत नाही, कारण सांस्कृतिक समितीच्या अध्यक्षा चेअरमनच्या सौभाग्यवती असतात. कार्यक्रमाच्या रात्रीच गालिचा उचलायची अट मंडपवाल्याच्या कोटेशनमध्ये घाला, आणि ती कुणी घातली हे सांगू नका.

गवत जर सतरंजीसारखं गुंडाळता येत असेल, तर मारेकरी मातीखाली आहे. हुमणी. वळवाच्या पहिल्या सरी पडल्या, की संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. माद्या मातीत अंडी घालतात, आणि पावसाळ्यात इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या पांढऱ्या अळ्या मुळं खात सुटतात. साळुंक्या आणि बगळे लॉनवर फारच गंभीरपणे फिरू लागले, तर निसर्गप्रेमी सभासद फोटो काढतील. तुम्ही खुरपं काढा. चौरस फुटात पाच-सहा अळ्या निघाल्या तर उपाय हवा. शेतकरी पहिल्या पावसात झाडाखाली दिवा आणि त्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याचं घमेलं ठेवून भुंगेरे पकडतात. अळ्यांसाठी मेटारायझियम नावाची उपयुक्त बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. ती दुकानात मागताना ‘बुरशी’ शब्द मोठ्यानं म्हणायला हरकत नाही. कमिटीसमोर ‘जैविक’ म्हणा.

गोल पिवळा डाग आणि भोवती गडद हिरवी कड, हे कुत्र्याचं काम. मध्ये मूत्राची मात्रा जास्त होऊन गवत जळतं, कडेला तीच मात्रा बेताची होऊन खत ठरते. श्वानमालकांच्या ग्रुपवर हे शास्त्र समजावायला जाऊ नका. तिथं तुमच्या आधीचे दोन गार्डन सदस्य कामी आले आहेत.

उरला माळी. कमिटीचं म्हणणं असतं, माळी लक्ष देत नाही. माळ्याचं म्हणणं असतं, साहेब, पाणी कमी पडतं. दोघंही चुकीचे. तो रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाईप फिरवतो, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं. ते पाणी बोटभर खोल जातं, म्हणून मुळंही बोटभरच खोल राहतात. मग टँकर दोन दिवस आला नाही की सगळं लॉन एकदम मान टाकतं.

पायरी तिसरी: सल्ल्यांचा निचरा

ही पायरी टाळता येत नाही. लॉनवर तुम्ही खाली बसलेले दिसलात, की गॅलरीतून सल्ले सुरू होतात.

पहिला सल्ला न्यू जर्सीहून येतो. कुणाचा तरी भाचा तिथे घराभोवतीचं लॉन स्वतः कापतो आणि त्याची नीट निगा राखतो. तो सांगतो: सप्टेंबरात बी टाका, तीन-चार इंच उंच वाढू द्या, उन्हाळ्यात तपकिरी झालं तर घाबरू नका. मुलगा हुशार आहे आणि त्याच्या गवताबद्दल तो अगदी बरोबर आहे. त्याचं गवत थंड हवेचं, जुलैत मलूल होणारं आणि सप्टेंबरात तरारणारं. आपलं नेमकं उलट. पंचवीस ते पस्तीस अंशांत ते खरं खुलतं. त्याला ‘थँक्स’ लिहा आणि काहीही करू नका.

दुसरा गट कृत्रिम गवताचा. पाणी नको, माळी नको, एकदाच खर्च. त्यांना एप्रिलच्या दुपारी दोन वाजता एखाद्या टर्फवर अनवाणी उभं करा. उन्हात ते साठ अंशांपर्यंत तापू शकतं. तिसरा गट म्हणतो, पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे व्हा. या गटातल्या प्रत्येकाकडे दुसरी गाडी आहे, हे लक्षात ठेवावं.

चौथा सल्ला ‘ई’ विंगमधल्या इतिहासप्रेमी काकांचा: लॉन ही इंग्रजांची गुलामी आहे. हे बरंचसं खरं आहे. गवत कापायचं यंत्रसुद्धा १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजानंच काढलं. त्याआधी तिकडे विळे आणि मेंढ्या यांच्यावर काम चाले. पण काकांशी वाद घालू नका. मेंढ्यांचा प्रस्ताव येईल.

पायरी चौथी: मुहूर्त आणि मंजुरी

लागवडीला उत्तम मुहूर्त म्हणजे मृगाचा पाऊस लागून माती नीट भिजली की, साधारण जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. मंजुरी मिळण्याचा मुहूर्त म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, जी कायद्यानं ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि म्हणून बहुधा त्याच आठवड्यात होते. मधला सगळा पाऊस गटारात जातो. मग दसरा तोंडावर आला म्हणून घाईनं कार्पेट अंथरलं जातं.

कार्पेटबद्दल आमचा राग नाही. ते एका दिवसात बसतं आणि दिसतं फार छान. पण ज्या सावलीत, ज्या राड्यारोड्यावर, ज्या पाण्याच्या पद्धतीत जुनं गवत गेलं, तिथेच नवं अंथरलं तर तेही त्याच वाटेनं जाणार. फरक एवढाच, की या वेळी त्याचं बिल असतं. कित्येक सोसायट्या दर दोन वर्षांनी हे करतात आणि त्याला देखभाल म्हणतात. सभेत मात्र हे इतक्या उघडपणे बोलू नये. मागच्या दोन्ही वेळा कार्पेट आणणारे सभासद समोरच बसलेले असतात. कमिटीच्या अधिकारात बसेल एवढ्या छोट्या रकमेचा ‘माती भुसभुशीत करणे’ असा ठराव मे महिन्यातच करून घ्या. हा विषय इतका नीरस वाटतो, की कुणी वाचत नाही.

पायरी पाचवी: लागवड

मेलेलं गवत दाताळ्यानं ओढून काढा. माती निदान सहा इंच खणा, टाइलचे तुकडे वेचा, चाळलेली पोयटा माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ‘चांगलं कुजलेलं’ याचा अर्थ वास न येणारं. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून दोन गोष्टी येतात: हुमणीची अंडी आणि तळमजल्याच्या तक्रारी.

खणल्यावर लगेच लावू नका. एकदा पाणी देऊन दहा-बारा दिवस थांबा. लव्हाळा, गाजरगवत, जे काही दबा धरून बसलंय ते वर येईल. गाजरगवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून; अंगाला खाज सुटते. या तणाचा भारतातला उपद्रव १९५० च्या दशकात पुण्यातूनच नोंदला गेला, हा जाज्वल्य स्थानिक अभिमानाचा विषय होऊ शकला असता. लव्हाळ्याच्या मात्र गाठीसकट मागं लागावं लागतं. तुकोबांनी त्याची थोरवी महापुराच्या संदर्भात सांगितली आहे. खुरप्यापुढेही तो तितकाच टिकतो.

आता पार्किंगमधली बीजपेढी उघडा. हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून चार-चार बोटांवर टोचत जा, निम्मं पेर मातीत, निम्मं वर. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून उन्हाळी सुट्टी संपायच्या आत बालगोपाळांना ‘इको उपक्रम’ म्हणून द्या. प्रमाणपत्र दिलं तर पालकही येतात. घाई असेल तर दुसरी रीत आहे. गवताचे बारीक तुकडे, माती आणि ताजं शेण पाण्यात कालवून तो रबडा ओल्या जमिनीवर इंचभर थापायचा, वर हलकी माती पसरायची. बागायतीच्या पुस्तकात याला टर्फ प्लास्टरिंग म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा. ‘शेण थापणार’ असं म्हटलंत तर पुन्हा सभा लागेल.

एक कबुली आधीच देऊन ठेवावी: पार्किंगमधली हरळी नर्सरीतल्या मेक्सिकन किंवा कोरियन गवताइतकी मऊ, गादीदार होत नाही. जरा राठ असते. पण जगते.

पायरी सहावी: पाणी

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. जमलेल्या लॉनला कोरड्या दिवसांत आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर लागतं. तुमचं लॉन ४०० चौरस मीटर असेल, तर १०,००० लिटर, म्हणजे आठवड्याला एक अख्खा टँकर. हा आकडा ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा २०१६ चा एप्रिल आठवा. दुष्काळात मैदानांना पाणी कसलं घालता, या वादात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. तुमच्या लॉनवर आयपीएलइतकं कमावणारं कुणी खेळत नाही, तेव्हा पिण्याचं पाणी वापरूच नये. एसटीपीचं प्रक्रिया केलेलं पाणी हरळीला व्यवस्थित चालतं. थोडाफार खारटपणा ती सोसते. वास येत असेल तर दोष गवताचा नाही, एसटीपी चालवणाऱ्याचा आहे, आणि ते खातं दुसऱ्या सदस्याकडे आहे.

दह्याचे डबे आता काढा. लॉनवर चार ठिकाणी ठेवून स्प्रिंकलर सुरू करा आणि अर्ध्या तासानं पट्टीनं मोजा. एका डब्यात दोन बोटं आणि दुसरा कोरडा निघाला, तर तपकिरी डागांचा नकाशा तुम्हाला मिळाला. नव्या पेरांना पहिले दोन-तीन आठवडे माती सतत ओली लागते, ते काम पाऊस करतो. पुढे दिवसांमधलं अंतर वाढवत न्या आणि एका वेळचं पाणी वाढवा. माळ्याला रोज पाईप फिरवायची सवय असते. हातात पाईप नसला की आपल्याला कामावरून काढतील अशी त्याला भीती वाटते. ती खरी असल्यामुळे त्याला लेखी द्या.

पायरी सातवी: खत

शंभर चौरस मीटरला एक किलो युरिया, तोही गवतानं जमीन धरल्यावर, ओल्या मातीवर समान फेकून, लगेच पाणी. बस. युरियाची गोणी ४५ किलोची येते आणि उरलेलं कुठे ठेवायचं या प्रश्नानं आजवर अनेक लॉन जळाली आहेत.

पायरी आठवी: कापणी आणि दूर्वा

सगळं जमलं तर ऑगस्ट उजाडेपर्यंत जमीन बऱ्यापैकी झाकलेली असेल. पहिली कापणी हलकी. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त उडवायचं नाही, आणि मशिनचं पातं धारदार हवं. बोथट पातं गवत फाडतं, टोकं पांढरी पडतात, आणि लगेच कुणीतरी औषध सुचवतं.

मग गणपती येतात आणि पहाटे सहाला लॉनवर पिशव्या घेऊन माणसं दिसू लागतात. अडवू नका. एकशेवीस घरांनी एकवीस-एकवीसची एकेक जुडी नेली तरी अडीच हजार अंकुर होतात, आणि दाट हरळीच्या एका चौरस मीटरातच हजारांनी अंकुर असतात. तीन किंवा पाच पानांचं कोवळं टोक नखानं खुडावं, मुळासकट ओढू नये, एवढी नोटीस पुरे. पूजेच्या दूर्वांसाठी मात्र भिंतीलगतचा एक लहान वाफा वेगळा राखा आणि त्याला साध्या नळाचं पाणी द्या, कारण पाणी कुठल्या पाईपनं येतं हे ‘बी’ विंगच्या आजी विचारणारच. वाफ्याला पाटी लावा. आणि ती पाटी श्वानमालकांच्या ग्रुपवर फोटोसकट टाका, आदल्या रात्रीच.